पाणी एक, वह्या पाच : आवर्तनाच्या सामायिक नोंदीबाबत खुले पत्र

प्रति,
सांगली जिल्ह्यातल्या उपसा सिंचन योजनांचे अभियंते, पंपगृहं चालवणारे ठेकेदार, वीज वितरणचे अधिकारी, साखर कारखान्यांचे शेती विभाग आणि माझ्यासारखेच पाणी वापर संस्थांचे चेअरमन-सचिव यांस,

स.न.वि.वि.

रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्यातून पाळीनं पाणी सोडायची फेरी, तोंडावर आलं की ‘यंदा पाण्याची सगळी नोंद ऑनलाइन करू, एक ॲप काढू’ ही भाषा सुरू होते. त्याला माझा विरोध नाही. जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका पाणी वापर संस्थेचं, म्हणजे कालव्याचं पाणी आपसांत वाटून घेणाऱ्या शेतकऱ्यांच्या संस्थेचं, दप्तर माझ्याकडं असतं, संस्थेचा संगणकही मीच चालवतो, आणि ॲप म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. माझं म्हणणं एवढंच, की टेंडर निघण्याआधी कुठला रकाना कुणी लिहायचा ते ठरवा. ते न ठरवता काढलेलं ॲप म्हणजे पासवर्ड असलेला आणखी एक व्हॉट्सॲप ग्रुप.

पाण्याची वाट तुम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे, पण पाचही जणांनी ती एका टेबलाशी बसून बघितल्याचं मला आठवत नाही. म्हणून थोडक्यात. नदीत पाणी कमी पडलं की सांगलीकडून मागणी साताऱ्याला कोयनेकडं जाते. धरणाच्या पायथा वीजगृहातलं एक युनिट चाललं तर 1050 क्युसेक (सेकंदाला तितके घनफूट) पाणी सुटतं, दोन्ही चालली तर 2100. हे पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं. टेंभू उपसा योजनेचा पहिला उपसा तिथंच कराड तालुक्यात. पुढं ताकारी, आणि सांगलीच्या खाली म्हैसाळ. वाटेत दोन्ही काठांना खासगी आणि सहकारी मोटरी. म्हैसाळला उचललेलं पाणी नरवाड, बेडग असे टप्पे चढत कवठेमहांकाळ, जत आणि शेवटी सांगोला-मंगळवेढ्याकडं जातं. दोन-तीन जिल्हे, अर्धा डझन कार्यालयं, आणि टोकाला पोटचारीवर, म्हणजे शेताला पाणी देणाऱ्या शेवटच्या लहान पाटावर, बसलेला एक माणूस.

आता याच पाण्याची नोंद बघा. धरणावर ती क्युसेक आणि टीएमसीत (अब्ज घनफुटांत) होते. पंपगृहात किती पंप किती तास चालले, अशी. वीज कंपनीच्या दृष्टीनं तेच पाणी युनिटमध्ये असतं, कालवा निरीक्षकाच्या वहीत हेक्टरमध्ये, आणि कारखान्यात पोचेपर्यंत त्याचे रुपये झालेले असतात, ऊसबिलातून कपात म्हणून. पाचही वह्या आपापल्या जागी बरोबर असतात. पण एक वही दुसरीला लावून बघायची सोयच नाही. 2100 क्युसेक दिवसभर चालले तर साधारण 0.18 टीएमसी पाणी सुटतं, हा हिशेब कुणीही करील. त्यातलं पंपानं किती उचललं, किती नदीतच खाली गेलं आणि आमच्या फाट्यावर (कालव्यातून फुटणाऱ्या पाटावर) किती पोचलं, हे विचारलं की पाच ठिकाणांहून पाच मापांत उत्तरं येतात. शेतकऱ्याचा प्रश्न याहून साधा असतो : माझी पाळी कधी? तो मात्र कुठल्याच वहीत लिहायची रीत नाही.

सध्या हे सगळं व्हॉट्सॲपवर चालतं. ते वाईट आहे असं मी म्हणणार नाही, त्याच्यामुळंच बरंच निभावलं आहे. पण त्याची जात ओळखा. एका योजनेवर घडलेली गोष्ट सांगतो, नाव नको. रात्री वरच्या टप्प्यावर वीज गेली आणि दोन पंप बंद पडले. ठेकेदाराच्या ग्रुपवर लगेच मेसेज पडला : ‘2 पंप ट्रिप. सकाळी बघू.’ पाटकरी, म्हणजे कालव्याची दारं उघडणारा माणूस, त्या ग्रुपवर नव्हता. तो अभियंत्यांच्या ग्रुपवर होता, आणि तिथं आदल्या दिवशीचा ‘पाणी सोडले आहे’ हाच निरोप शेवटचा होता, खाली नमस्काराच्या हातांची रांग. पहाटे शेवटच्या चारीवरच्या लोकांनी शेतात पाणी वळवायला दारं धरली, पाणी आलं, तासाभरात उतरत गेलं. वरच्यांनी फाटा फोडला असं धरून दहाबारा जण मोटरसायकलीवरून वर गेले. तिथले लोकही कोरड्या चारीकडं बघत उभे होते, म्हणून हाणामारी टळली. पंप बंद पडल्याची खबर रात्रीपासून जिल्ह्यात होती, फक्त ज्यांना हवी होती त्यांच्या फोनात नव्हती.

ग्रुपचा दुसरा दोष याहून मुरलेला आहे. ग्रुप माणसाचा असतो, पदाचा नसतो. शाखा अभियंत्याची बदली झाली की ॲडमिन त्यांच्याबरोबर जातो आणि गेल्या उन्हाळ्यातले गेजपट्टीचे (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या पट्टीचे) फोटोही त्यांच्याच फोनात जातात. नवे साहेब नवा ग्रुप काढतात. मागच्या आवर्तनात कुठल्या दिवशी पाणी कुठं होतं, याची साखळी दर बदलीला तुटते. मग पाणीपट्टीच्या वादात प्रत्येक जण स्वतःच्या फोनातला सोयीचा फोटो काढून दाखवतो.

तर सामायिक नोंद कशी असावी, यावर येतो.

आपल्याकडं भाऊबंदांत सामायिक विहीर असते. सातबाऱ्यावर हिस्से लागलेले असतात, मोटरीच्या पाळीचे वार ठरलेले असतात, आणि गाळ काढायचा खर्च कुणी किती द्यायचा हेही. म्हणून रोज भांडूनसुद्धा ती विहीर चालते. सामायिक संगणकी पानालाही असेच हिस्से हवेत. पंप किती वाजता सुरू झाला, किती वाजता बंद पडला, हा रकाना फक्त पंपगृहानं लिहायचा. वीज कधी गेली आणि कधी येणार, हे फक्त उपकेंद्रानं. फाट्याचं दार कधी उघडलं आणि गेजपट्टीवर किती होतं, ते पाटकऱ्यानं. पाणी प्रत्यक्ष कुठल्या गटापर्यंत पोचलं, ते आम्ही, पाणी वापर संस्थेनं. दुसऱ्याचा रकाना सगळ्यांना दिसावा, पण त्याला हात लावता येऊ नये. चुकीचं वाटलं तर शेजारी शेरा लिहावा. अधीक्षक अभियंत्यांनाही पाटकऱ्याचा आकडा खोडता येता कामा नये. त्यांनी खाली स्वतःच्या नावानं दुरुस्ती लिहावी, आणि जुना आकडा वर तसाच दिसत राहावा. खाडाखोड दिसली पाहिजे. जुन्या रोजकीर्दीत चुकलेल्या आकड्यावर रबर चालत नसे, एक रेघ मारून वर सही करायचे, तो नियम संगणक आल्यावर विसरायचं कारण नाही.

यात आकाशातून आणायचं काही नाही. साध्या गूगल शीटमध्येही रकान्यांना कुलूप लावता येतं, आणि कुणी कधी काय बदललं त्याचा इतिहास आपोआप राहतो. एका फाट्यापुरता प्रयोग करायला तेवढं पुरे आहे.

वेळेबद्दल एक बारकावा मात्र सोडू नका. पंपगृह खोलगट जागी, तिथं रेंज नसते. पाटकरी कालव्याच्या कडेनं पाच-सात किलोमीटर फिरत असतो, त्याला रेंज गावात आल्यावर मिळते. त्यामुळं दार सकाळी 6.40 ला उघडलं आणि नोंद 9.15 ला पडली, हे रोजचंच. पानावर दोन वेळा वेगवेगळ्या हव्यात : घडल्याची आणि लिहिल्याची. एकच वेळ ठेवली तर उशिरा नोंद करणारा प्रामाणिक माणूस खोटा ठरतो, आणि संध्याकाळी बसून दिवसभराचे आकडे मनानं भरणारा खरा. आणि रकाना रिकामा असेल तर तो किती तासांपासून रिकामा आहे हेही दिसू द्या. पंपगृहाकडून रात्री 11 पासून काही आलेलं नाही, एवढं जरी त्या पहाटे दिसलं असतं तरी वर जाण्याआधी कुणीतरी फोन केला असता.

लॉगिनचंही तसंच. सरकारी कार्यालयांत एक लॉगिन आणि पासवर्ड संगणकाच्या कडेला चिकटवलेला, ही पद्धत इथं नको. माणूस स्वतःच्या नावानं आत यावा, अधिकार त्याला पदामुळं मिळावा, बदली झाली की अधिकार त्याच दिवशी नव्या माणसाकडं जावा, आणि जुन्यानं लिहिलेलं त्याच्या नावासकट तिथंच राहावं. ठेकेदार बदलला तरी हेच.

आता सगळ्यात किचकट काम, जे कुठलीही कंपनी करून देणार नाही. एकच शेतकरी पाटबंधारेकडं गट नंबरानं ओळखला जातो, वीज कंपनीकडं ग्राहक क्रमांकानं, कारखान्यात सभासद क्रमांकानं, तलाठ्याकडं आठ-अ च्या खात्यानं. या चारांची जुळणी कुणाकडंच नाही. पाणी मागणीचा नमुना 7 चा अर्ज एका भावाच्या नावावर, ऊस दुसऱ्याच्या नावावर जातो, आणि पाणीपट्टी तिसऱ्याच्या बिलातून कापली जाते. कारखाना भाड्यानं दिला की खात्यांचे क्रमांक नव्यानं पडतात. मागची कपात पाटबंधारेकडं भरली गेली की नाही, हे शोधायला शेतकरी दोन्हीकडं हेलपाटे घालतो. ॲग्रीस्टॅक या सरकारी शेतकरी-नोंदणीचा शेतकरी ओळख क्रमांक आला आहे, त्यानं थोडं सोपं होईल. पण तो जमिनीच्या मालकाला मिळतो, वाट्यानं करणाऱ्याला नाही, आणि पाण्याची दारं पहाटे धरायला वाटेकरीच येतो. ही जुळणी गावात बसूनच होते. गट एकच पण त्यात तीन भाऊ, विहीर थोरल्याकडं, मोटरीचं मीटर वारलेल्या वडिलांच्या नावावर, हे पाणी वापर संस्थेच्या सचिवाला माहीत असतं, पुण्यातल्या सॉफ्टवेअरवाल्याला नाही. म्हणून जुळणीचा रकाना आमच्याकडं द्या. शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाच्या 2005 च्या कायद्यानं पाणी वापर संस्थांना फाट्याखालचं व्यवस्थापन दिलं आहे. ते कागदावरून खाली उतरायला ही चांगली संधी आहे.

पण सगळ्यांनी सगळं बघायचं नाही. कुणाची थकबाकी किती, कुणाचा मीटर कुठला, कुणाचं ऊसबिल कितीचं, हे चावडीवर लावायचं सामान नव्हे. गावात त्याचा वापर कसा होतो ते मी सांगायला नको, सोसायटीची निवडणूक जवळ आली की कुणाच्या थकबाकीची यादी कुठून निघते ते सगळ्यांना ठाऊक आहे. 2023 चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदाही आहे. थकबाकी ती वसूल करणाऱ्याला आणि ज्याची आहे त्याला दिसावी, बस्स. उलट पाणी आज कुठं आहे, कुठला पंप चालू आहे, उद्या कुठल्या चारीची पाळी, ही माहिती लॉगिनशिवाय, कुणालाही, कुठल्याही फोनवर दिसली पाहिजे. ज्याच्याकडं साधा बटणांचा फोन आहे त्याला एसएमएस, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज सकाळी खडूनं दोन ओळी. फळा लिहायचं काम मी माझ्या संस्थेतर्फे घेतो.

‘इतक्या संस्था एका पानावर येणारच नाहीत’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना तासगाव किंवा मिरजेच्या एखाद्या निर्यातदार द्राक्ष बागायतदाराकडं घेऊन जा. अपेडा या केंद्राच्या शेतीमाल निर्यात संस्थेचं ग्रेपनेट, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांची ऑनलाइन नोंद, 2006 पासून चालू आहे. बागेची नोंदणी आणि तपासणी कृषी खातं करतं, कीडनाशकांच्या उर्वरित अंशाचा अहवाल प्रयोगशाळा भरते, माल कुठल्या प्लॉटचा ते पॅकहाऊस लिहितं, निर्यातदार त्याच्यावर कागद करतो. सरकारी, खासगी आणि शेतकरी, सगळे एकाच साखळीत. बागायतदाराला प्रयोगशाळेचा आकडा बदलता येत नाही, आणि तपासणीत नापास प्लॉटचा माल युरोपच्या कंटेनरमध्ये चढत नाही. रॉटरडॅमला पेटी उघडली तरी ती कुठल्या प्लॉटची ते मागं काढता येतं. आपल्याच तालुक्यांतली माणसं हे दर हंगामात बिनबोभाट करतात. फरक इतकाच, की तिथं नोंद नसेल तर माल अडतो. आपल्या आवर्तनात नोंद नसली तरी काही अडत नाही, आणि खरी गोम तिथं आहे.

म्हणून नोंदीला काहीतरी बांधा. माझं सुचवणं असं : दर आठवड्याचा जो एक्सेल अहवाल उपविभागाकडून वर जातो तो बंद करा आणि याच पानावरून तो काढायचा असं ठरवा. पाटकऱ्यानं वहीत लिहायचं, मग ग्रुपवर टाकायचं, मग ॲपमध्ये भरायचं, असं तिसरं काम वाढवलं तर दुसऱ्या आठवड्यात तो भरणं सोडील, आणि मी त्याला दोष देणार नाही. नवं काम द्यायचं तर जुनं एक काढून घ्या. ठेकेदाराचं बिल पंपतासांवर निघतं. ते तास याच पानावरून मोजले जातील एवढं करारात लिहा, मग पंपगृहाचा रकाना कधी रिकामा राहणार नाही. आणि कारखान्यानं कपात केलेली पाणीपट्टी किती तारखेला भरली, ते पानावर चढल्याशिवाय ती पोचली असं धरू नका.

विरोध होईल, तोही स्पष्ट बोलू. उपसा योजनांच्या वीजबिलात 81 टक्के वाटा सरकारचा आणि 19 टक्के लाभधारकांचा, असं सूत्र आहे. पाण्याचा हिशेब लोकांना दिसायला लागला की पहिला प्रश्न येईल, की आमच्या 19 टक्क्यांत न पोचलेल्या पाण्याचे किती? दुसरं म्हणजे, पाणी शेवटाकडून सुरुवातीकडं द्यायचं हा नियम आहे. दार किती वाजता, कुणाच्या सांगण्यावरून उघडलं, हे दिसलं की फोनवरून दिलेली तोंडी सूचना अडचणीची होते. ‘डेटा चुकीच्या हातात पडेल’ असं म्हणणाऱ्यांत काहींची काळजी खरी असेल, काहींची ही असेल. ती वेगळी करायचा सोपा उपाय आहे. कुणाला कुठला रकाना नको आहे, ते त्यांच्याकडून लेखी घ्या.

पान ठेवायचं कुणाकडं, यावर माझं मत पक्कं आहे. पाचांपैकी एकाच्याही सर्व्हरवर नको. पाटबंधारेकडं ठेवलं तर कारखाने म्हणणार हे त्यांचं आहे, कारखान्याकडं ठेवलं तर शेतकरी पाऊल ठेवणार नाहीत. जिल्ह्याला एनआयसीचं, म्हणजे सरकारी संगणक सेवा देणाऱ्या केंद्रीय संस्थेचं, केंद्र आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या देखरेखीखाली तिथं ठेवता येईल. आणि रोज रात्री पाचही संस्थांना आपापली प्रत साध्या फाइलमध्ये मिळावी, कुठल्याही संगणकावर उघडेल अशी. उद्या पैसे संपले, कंपनी पळाली, एखाद्या संस्थेनं अंग काढून घेतलं, तरी मागचा हिशेब प्रत्येकाच्या घरी असला पाहिजे.

हे सगळं फक्त आमच्या चारीपुरतं नाही. 2023 ला पाऊस कमी झाला, कोयना भरली नाही, आणि पावसाळा सरल्यावर सांगलीत कृष्णेचं पात्र कोरडं पडलं. तेव्हा सातारा आणि सांगलीत जी वादावादी झाली ती सगळ्यांनी वाचली. मागणी कधी गेली, पाणी कधी सुटलं, वाटेत किती उचललं गेलं, यावर दोन्हीकडचे आकडे वेगळे. उपसाबंदी लागते तेव्हाही आदेश एका कार्यालयाचा, वीज तोडायची दुसऱ्यानं, आणि भोगायचं तिसऱ्यानं. कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि नदीची पातळी आपोआप मोजणारी यंत्रणा बसलेली आहे, तिथं यंत्राचा आकडा तरी सगळ्यांना एकच दिसतो. कालवा ते शेत या पट्ट्यात मात्र अजून माणसाच्या तोंडावर कारभार आहे.

मागणी मोठी नाही. येत्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि एका योजनेचा एकच फाटा या आवर्तनापुरता प्रयोगाला द्या. बैठकीला येताना प्रत्येकानं आपली मागच्या आवर्तनाची वही आणावी, सादरीकरण नको. पाच वह्या टेबलावर उघडून एकाच दिवसाची नोंद शेजारी-शेजारी वाचली की कुठला रकाना कुणाचा ते तासाभरात ठरेल. वीज वितरणकडून उपकेंद्रावर प्रत्यक्ष ड्यूटी करणारा माणूस यावा, आणि पाटकऱ्यांतला एक तरी. साहेब लोक आले नाहीत तरी चालेल, पण हे दोघं हवेत.

आमच्या संस्थेची गट, मीटर आणि ऊसखात्यांची जुळणी जवळपास तयार आहे. सभासदांची लेखी संमती घेऊन ती पहिल्याच दिवशी देतो. कारखान्यांच्या शेती विभागांना एक विनंती : खात्यांची यादी देणार असाल तर कृपा करून एक्सेलमध्ये द्या. मागं एकदा मागितली तेव्हा स्कॅन केलेली पीडीएफ आली होती, तीही आडवी, आणि सगळी नावं हातानं पुन्हा टाइप करावी लागली.

कळावे,
आपला,
पाणी वापर संस्थेचा एक सचिव,
पूर्व भाग, जि. सांगली